जावयाची लाथ

माझ्या सासऱ्यांच्या डाव्या टाचेमागची शीर तुटली तेव्हा मी त्यांच्या बरोबर मागे उभा होतो. एवढाच माझा गुन्हा. तरी पुढचं सगळं वर्ष मी 'सासऱ्याला लाथ मारणारा जावई' म्हणून ओळखला गेलो, आणि आज इतक्या वर्षांनंतरही त्या गल्लीतला एखादा म्हातारा भेटला तर आधी माझ्या पायांकडे पाहतो आणि मग नमस्कार करतो.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी मूळचा यवतमाळकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. नागपुरात एका सरकारी कचेरीत चिकटलो होतो आणि प्रताप नगरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. लग्न नुकतंच झालेलं. सासर गांधीबागेच्या मागच्या गल्लीत. सासऱ्यांचं तिथेच धोतर-लुगड्यांचं दुकान होतं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामाजी म्हणायचो आणि सासूबाईंना मामी. मामाजी पन्नाशी ओलांडलेले, अंगाने भरदार, सकाळी गादीवर मांडी घालून बसले की रात्री दुकान बंद करायलाच उठणारे. ग्राहकाने लुगडं मागितलं तर ते नोकराला डोळ्याने खुणावत. हात उचलणंसुद्धा त्यांना जास्तीचं वाटायचं. असा हा माणूस वर्षातून एक दिवस वेडा व्हायचा. तो दिवस म्हणजे संक्रांत. त्या दिवशी ते धोतराचा काचा मारून गच्चीवर चढत आणि समोरच्या गच्चीवरच्या दलालांशी पतंगाची लढाई करत. हे दलालही कापडबाजारातलेच. वर्षभर एकमेकांना 'शेठ, शेठ' करणारी ही दोन माणसं संक्रांतीला एकमेकांच्या बापाचा उद्धार करायची.

आमची ती लग्नानंतरची पहिली संक्रांत. बायको काळी साडी नेसून, अंगभर हलव्याचे दागिने घालून खाली बसलेली. माझ्याही गळ्यात मामींनी हलव्याचा हार घातला होता आणि बजावलं होतं, "संध्याकाळी बाया येतीन हळदीकुंकवाले, तवरोक काढायचा नाही." म्हणून मी तो साखरेचा हार गळ्यात घालूनच गच्चीवर गेलो. मामाजींनी माझ्या हातात चक्री दिली आणि आपल्या मागे उभं केलं. पतंगातलं मला काही कळत नव्हतं. ते 'ढील' म्हणाले की चक्री सैल सोडायची आणि 'लपेट' म्हणाले की गुंडाळायची, एवढंच माझं काम.

दुपारी उन्हं कलली तेव्हा मामाजींचा काळा पतंग आणि दलालांचा लाल पतंग एकमेकांत अडकले. आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या आपापले पतंग विसरून या दोघांकडे पाहायला लागल्या. मामाजी मांजा खेचत मागे आले, आणि मग एकदम सगळा भार डाव्या पायाच्या चवड्यावर टाकून कठड्याकडे त्यांनी झेप घेतली. तेवढ्यात ओली फळी मोडावी तसा 'फट्' असा आवाज झाला आणि मामाजी खाली बसले. हातातला मांजा सैल पडला. समोरून 'ओऽऽ काट!' अशी आरोळी उठली, भोंगे वाजले, थाळ्या वाजल्या. मग सगळे दम घ्यायला थांबले, आणि नेमक्या त्या शांततेत मामाजी मागे वळून मला म्हणाले,

"जावईबापू, लाथ काहून मारली जी?"

त्यांचा आवाज मुळात खणखणीत. तो पाच-सहा गच्च्यांवर आरामात पोचला.

"मी? मी कायले लाथ मारू मामाजी?"

"मंग कोनं मारली? मागं तर तुमीच होते."

मी मागे पाहिलं. माझ्या मागे फक्त पाण्याची टाकी होती. समोरचे दलाल जिंकलेला पतंग सोडून कठड्यावर ओणवे झाले आणि त्यांनी मोठ्या काळजीने विचारलं, "काय झालं शेठ? जावयानं मारलं?"

मी मामाजींना पाठीवर घेतलं आणि जिना उतरलो. त्यांच्या वजनाखाली माझा हलव्याचा हार कुडकुड मोडत होता आणि साखरेचे दाणे पायरीपायरीवर सांडत होते. मी त्यांना सायकलरिक्षात बसवलं. रिक्षावाल्याने विचारलं, "क्या हुआ सेठ?" तर त्यांनी माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं.

हाडांचे डॉक्टर तरुण होते आणि पुस्तकी मराठी बोलत होते. त्यांनी मामाजींना पालथं झोपवलं आणि दोन्ही पोटऱ्या आळीपाळीने दाबून पाहिल्या. उजवी पोटरी दाबली की पाऊल हलायचं, डावी दाबली की पाऊल ढिम्म. मग त्यांनी विचारलं, "त्या क्षणी तुम्हाला पाठीमागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं का?"

पालथे पडलेले मामाजी कोपरांवर उठले. दुखणं विसरून त्यांचा चेहरा उजळला.

"पाहा! डॉक्टरलेबी समजलं! मी काही सांगतलं का? त्याइनं नुसता पाय पाह्यला अन् वळखलं!"

"तसं नव्हे," डॉक्टर म्हणाले, "टाचेमागची ही जाड शीर तुटली की बहुतेकांना अगदी तसंच वाटतं. प्रत्यक्षात कुणी मारलेली नसते."

"बाकीच्याइचं मले मालूम नाही डॉक्टरसाहेब. माझ्या मागं हे उभे होते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या गळ्यात अर्धा तुटका हार होता, सदऱ्याला साखर चिकटली होती आणि कॉलरवरून मुंग्या चालल्या होत्या. "हे काय घातलंय तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हलवा. मी जावई आहे." त्यांनी मान हलवली आणि ते हात धुवायला गेले. माझ्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार असा हातचा गेला.

उपचाराचे दोन रस्ते आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. एक, चिरून शीर शिवायची. दुसरा, पाऊल खाली झुकवून प्लास्टरमध्ये ठेवायचं, म्हणजे तुटलेली दोन टोकं जवळ येतात आणि आपसात जुळतात. मग हळूहळू पाय सरळ करत आणायचा. त्याला वेळ लागतो आणि चिकाटी लागते. मामाजींना मधुमेह होता, त्यामुळे डॉक्टरही चिरण्याच्या बाजूने फारसे नव्हते. मामाजी तर उठूनच बसले. "कापड फाटलं तं आमी रफू करतो," ते म्हणाले, "मानसाले कोनी रफू करते का?"

अशा रीतीने मामाजींचा पाय गुडघ्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. पाऊल खाली झुकलेलं, बोटं जमिनीकडे रोखलेली. मामाजींनी तो पाय पाहून फक्त एवढं म्हटलं, "हे तं नाचनाऱ्या बाईचं पाऊल झालं."

घरी बसून राहतील ते मामाजी कसले? आठवड्याभरात ते दुकानात गेले. पण मांडी घालता येईना. पाय लांब करून बसले तर तो थेट देवळीतल्या लक्ष्मीच्या तसबिरीकडे जायचा. दुकानात लक्ष्मीकडे पाय करणं म्हणजे महापाप. गादी फिरवली तर पाय ग्राहकाच्या तोंडापाशी. तोही लक्ष्मीच. शेवटी गादी भिंतीकडे तोंड करून मांडली आणि मामाजी भिंतीशी बोलत धोतरं विकायला लागले. ग्राहक त्यांच्या पाठीमागून भाव विचारत, आणि सौदा झाला की कुणीतरी हटकून म्हणायचं, "शेठ, पायाले काय झालं?"

इथे माझी खरी शिक्षा सुरू व्हायची. मामाजींनी मला शिव्या घातल्या असत्या तर मी भांडलो असतो. माझा स्वभाव मुळातच तापट, आणि शिवीला शिवी देणं मला येतं. पण आमच्याकडे जावयाला बोलत नाहीत. जावई दारू पिऊन आला तरी त्याला आधी पाट मांडतात. मामाजी मोठ्या मनाने सांगायचे, "जाऊ द्या जी. लेकरू आहे. जोशात पाय उठला असंन. आपन जावयाले काय बोलावं?" हे ऐकून माझ्या डोक्याची शीर तुटायची वेळ यायची. मी न केलेल्या गुन्ह्याची मला रोज, सगळ्यांदेखत, माफी मिळत होती.

पाय पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना ते जरा विस्ताराने सांगत. "कन्यादानाच्या टायमाले मी याचे पाय धुतले. दोन्ही धुतले. मले काय मालूम, त्यातला एक माझ्यासाठीच ठेवला आहे म्हनून!" पाहुणे हसत, मग मी तिथेच बसलोय हे लक्षात येऊन गप्प होत, आणि मामी लगबगीने माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढत. मी चिडलो की ताटात तूप वाढायचं. त्या उन्हाळ्यापर्यंत माझ्या पँटी कमरेत घट्ट व्हायला लागल्या.

आणखी एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. त्या घरात मला कुणी कुणाच्या मागे उभं राहू देईना. मी ओसरीवर मामाजींच्या पाठीमागून जायला लागलो की मामी हातातलं काम टाकून मध्ये येत आणि गोड आवाजात म्हणत, "जावईबापू, तुमी समोरून या." आरतीला मला सगळ्यांच्या पुढे उभं करत. लोकांना वाटे, काय हा जावयाचा मान!

बायकोकडे दाद मागावी तर तिचं उत्तर तयार होतं. "अहो, तुमी मारली नसंन. पन बाबाले लागली ना!"

रोज कचेरी सुटली की मी सायकलने प्रताप नगरातून बायकोला घेऊन गांधीबागेला जायचो. ती डबल सीट, मागे. न जावं तर लोक म्हणणार, लाथ मारली आणि तोंडही दाखवत नाही. मामाजींना मोरीपर्यंत नेणं, प्लास्टरच्या आत खाज सुटली की कामटी घालून खाजवणं, ही कामं माझ्याकडे आली. कामटी त्याच काळ्या पतंगाची होती. दलालांनी तो कापलेला पतंग मोठ्या मनाने परत पाठवला होता. डोळे मिटून, "अजून खाली, थोडं उजवीकडं," असं म्हणत मामाजी माझ्याकडून खाजवून घेत, आणि बरं वाटलं की म्हणत, "हात चांगला आहे तुमचा. पायच जड आहे."

गुढीपाडव्याच्या दिवशी माझा तोल गेला. घरात पाहुण्यांची गर्दी होती. मामाजींनी पुन्हा ती हकीगत सुरू केली, पुन्हा पाय धुण्याचं आलं, आणि एक आत्या माझ्या पायांकडे निरखून पाहायला लागली. मी ताटावरून उठलो आणि ओरडलो, "ऐका सगळे! जवापर्यंत मामाजी सोता गच्चीवर चढून ओरडून सांगत नाही, का माझ्या जावयानं लाथ मारली नाही, तवापर्यंत मी हे नागपूर सोडनार नाही! बदली आली, बढती आली, तरी सोडनार नाही!"

ताटावरून जावई उठला म्हणजे घरात आकाश कोसळतं. मामी रडायला लागल्या. मामाजी मात्र शांतपणे माझ्याकडे पाहत होते. मग ते म्हणाले, "ठीक आहे. डॉक्टर म्हनते, त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता आलं, टाच वर उठली, म्हंजे पाय बरा झाला. ज्या दिवशी माझी टाच उठंन, त्या दिवशी गच्चीवर चढून सांगीन. झालं?"

"झालं," मी म्हणालो, आणि उरलेली पुरणपोळी खायला बसलो.

त्या दिवसापासून माझ्यासारखा व्यायामशिक्षक नागपुरात दुसरा नव्हता. प्लास्टर निघालं तेव्हा आतून शेवग्याच्या शेंगेसारखी बारीक पोटरी निघाली. मामाजी तिच्याकडे परक्याची वस्तू पाहावी तसे पाहत राहिले. कोमट पाण्यात पाय बुडवून मी ती रोज धुवायचो, कातडीचे पापुद्रे काढायचो, तेल लावायचो. सासऱ्याचे पाय धुणारा जावई मीच पहिला असेन. पहिल्या दिवशी मामाजींनी पाय मागे ओढला. "पाप लागते मले. जावयाचा हात पायाले?" मी म्हणालो, "लाथ लागते तं हातबी लागू द्या," आणि ते पोट धरून हसले. माझी शप्पथ, मला त्या वेळी ते फार आवडले, पण मी ते दाखवलं नाही. खटला चालू होता.

शीर एकदम ताणू नये म्हणून टाच उंच असलेला जोडा घालायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. महिन्या-दीड महिन्याने टाच थोडी थोडी कमी करायची. धोतर नेसणाऱ्या माणसासाठी उंच टाचेचा जोडा आणायचा कुठून? पण त्या काळात आम्हा तरुणांत उंच टाचांच्या बुटांची फॅशन होती. माझे लग्नातले बूट तसेच होते, चॉकलेटी रंगाचे, टाच चांगली चार बोटं उंच. लग्नाच्या मांडवात हेच बूट पाहून मामाजी म्हणाले होते, "जावईबापू, हे जोडे आहे का पाट?" आता तेच बूट त्यांच्या पायात आले, आणि आमच्या दोघांच्या पायाचं माप एक निघालं. दुसऱ्या दिवशी कापडबाजाराने पाहिलं, की शेठ पांढऱ्याशुभ्र धोतराखाली चॉकलेटी हिल्सचे बूट घालून, एका हातात काठी आणि दुसरा हात जावयाच्या खांद्यावर टाकून टकटक चालत येताहेत. गाठोडी वाहणारे हमाल ओझी खाली ठेवून उभे राहिले. एकाने शिट्टी मारली. मामाजींनी मान ताठ केली आणि सांगितलं, "जावयाचे आहे."

दर खेपेला मी ते बूट चांभाराकडे नेऊन टाचेचा एकेक थर कापून आणायचो. दोन्ही बुटांचा, कारण मामाजींना वाकडं चालणं मंजूर नव्हतं. पावसाळा संपेपर्यंत माझ्या लग्नाच्या बुटांची पार सपाट वहाण झाली. पण मामाजींनी काठी टाकली होती. ओसरीच्या भिंतीला दोन्ही हात टेकवून ते टाचा उचलायला शिकत होते, आणि मी शेजारी बसून "उठा, उठा, अजून, अजून" असं ओरडत होतो. दोन्ही पायांवर टाचा उठायला लागल्या. मग एकट्या डाव्या पायावर, आधी नुसतं थरथरणं, मग टाचेखालून पत्त्याचं पान सरकेल एवढी फट. दसऱ्याला तिथून बोट जाऊ लागलं. मी निकालाचा दिवस मनात ठरवून टाकला होता. संक्रांत, तीच गच्ची, तेच लोक.

दसऱ्यानंतर साहेबांनी मला बोलावून सांगितलं, की पुण्याला वरची जागा निघतेय, जायचं असेल तर संक्रांतीच्या सुमाराला कळवा. मला जायचं होतं. पगार सोडाच, नागपूरचा उन्हाळा सुटेल, सायकलची रपेट सुटेल, आणि मुख्य म्हणजे जिथे माझ्या पायांना कुणी ओळखत नाही अशा गावात राहता येईल. बायकोने घरी सांगितलं. मामी "चांगलं झालं" म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावत स्वयंपाकघरात गेल्या. मामाजी हसून म्हणाले, "जा ना जी. पन टाच उठू द्या आधी. तुमी शपथ घेतली आहे."

आणि त्या दिवसापासून टाच उठेनाशी झाली.

मामाजी भिंतीला हात टेकवत, चेहरा लाल होईपर्यंत जोर लावत, "हुं, हुं" असे आवाज काढत, आणि टाच जमिनीला शिवून ठेवल्यासारखी तशीच. "शीर थकली," ते म्हणायचे. "थंडीनं आखडली." मी तेल बदललं. शेक दिला. एकदा बोटभर उठलेली टाच खाली जाते कशी? मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी शीर चिमटीत धरून पाहिली, पोटरी दाबली, पाऊल हललं. "उत्तम जुळली आहे," ते म्हणाले, "टाच उठायलाच हवी." मामाजी म्हणाले, "तुमी म्हनता तं उठायले पाह्यजे. पन तिले समजून नाही राहिलं." मला वाटलं, माझं नाव काही या जन्मी साफ होत नाही.

संक्रांत चार-सहा दिवसांवर आली होती. एका रविवारी मी मागच्या दाराने मामींच्या स्वयंपाकघरात गेलो, दळण ठेवायला. समोरच्या खोलीत बायको आणि मामी बोलत होत्या, आवाज येत होता. आणि स्वयंपाकघरात मामाजी पाठमोरे उभे होते. वरच्या फळीवर, त्यांचा हात पुरू नये म्हणून मुद्दाम ठेवलेला, तिळाच्या लाडवांचा डबा होता. मामाजींचा उजवा पाय गुडघ्यात वाकून मागे उचललेला, आणि सगळं भरदार शरीर डाव्या पायाच्या चवड्यावर तोललेलं. टाच चांगली चार बोटं वर. थरथर नाही, काही नाही. डब्याचं झाकण घट्ट होतं. ते एका हाताने शांतपणे ते सैल करत होते.

माझं डोकं सणकलं. वर्षभराची माफी, आत्याचं ते निरखून पाहणं, माझे बूट, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. आता ओरडून अख्खी गल्ली गोळा करावी म्हणून मी तोंड उघडलं.

तेवढ्यात पुढच्या खोलीतून बायकोचा आवाज आला. "पुन्याहून वर्साले एकदा तं येऊच ना वं आई. रडतं काहून?"

मामाजींच्या हातात लाडू आलेला होता. तोंडापर्यंत नेलेला हात तिथेच थांबला. ते तसेच, एका पायावर, टाच वर करून, ऐकत उभे राहिले. मग त्यांनी तो लाडू परत डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. मधुमेही माणसाला हातात आलेला लाडू परत ठेवताना मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. दसऱ्यापासून हा माणूस कशासाठी 'हुं, हुं' करत होता ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि माझा राग कुठे गेला ते मलाच समजलं नाही.

मी दाराबाहेर जाऊन मोठ्याने खोकलो. आत टाच खाली आल्याचा आवाज झाला. मी आत गेलो तेव्हा मामाजी भिंतीला धरून लंगडत होते.

"जावईबापू, आजबी उठली नाही जी," ते म्हणाले.

"उठंन मामाजी. घाई नाही," मी म्हणालो.

सोमवारी मी साहेबांना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "सासऱ्यांची टाच उठत नाही." घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती आधी रडली, मग हसली, आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आता तरी खरं सांगा. मारली होती का?"

संक्रांतीला गच्च्या पुन्हा भरल्या. माझी शपथ पाडव्यापासून गल्लीत फिरून सगळ्यांना पाठ झालेली होती. मामाजी पतंगाला गाठ मारत होते आणि माझ्या हातात चक्री होती. समोरून दलालांनी दोन्ही हात तोंडाशी धरून विचारलं, "काय शेठ! टाच उठली का? आज निकाल आहे म्हनते!" आजूबाजूचे भोंगे बंद झाले. मामाजींचा चेहरा उतरला. त्यांनी कठड्याला धरलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बोलायला तोंड उघडलं. ते काय बोलणार होते ते मला माहीत नाही. मी त्यांना बोलू दिलं नाही. चक्री खाली ठेवून मी टाकीच्या ओट्यावर चढलो.

"ऐका!" मी ओरडलो. "मीच मारली होती लाथ! अन् पुन्याले मी जाऊन नाही राहिलो. नाही म्हनून सांगतलं साहेबाले!"

मग सगळ्या गच्च्यांवरून एकदम आरोळी उठली, "ओऽऽ काट!" थाळ्या वाजल्या, भोंगे वाजले. दलाल टाळ्या पिटत नाचायला लागले. जिन्यात उभ्या असलेल्या मामी "असं कसं बाई" म्हणत पुन्हा खाली गेल्या.

मी ओट्यावरून उतरलो. मामाजी माझ्याकडे पाठ करून मांजाची गाठ सोडवत होते, जी मघाशीच नीट बसलेली होती. धोतराच्या सोग्याने त्यांनी डोळे पुसले. वर्षभर मला जावईबापू आणि तुमी म्हणणारा माणूस खालच्या आवाजात म्हणाला, "खोटं काहून बोलला गा?"

"टाच टेकवून टेकवून तुमचा पाय दुखला असंन म्हनून," मी म्हणालो.

मग चक्री उचलून त्यांनी माझ्या हातात दिली.

"चाल, मागं उभा राह्य."

मी त्यांच्या मागे उभा राहिलो. वारा चांगला होता. पतंग वर चढला तसे मामाजी सगळ्यांदेखत डाव्या चवड्यावर उठले.